शिळं पाणी

आज नळाला पाणी आलं आणि ब्लीचिंगच्या त्या उग्र वासानं माझं डोकं पुन्हा तापलं. काही वर्षांपूर्वी उस्मानपुऱ्यातल्या घरी मी एक अ‍ॅक्झोलॉटल पाळला होता, सरड्यासारखा दिसणारा पण पाण्यातच राहणारा, मानेशी कल्ल्यांचे लाल तुरे असलेला. आठवड्यानं पाणी आलं की आमच्याकडं जुनं सगळं ओतून भांडी नव्यानं भरतात. त्या दिवशी कामावरून आले, तर मोठ्या भावानं त्याची काचेची टाकीसुद्धा घासून नळाच्या पाण्यानं भरलेली! मुका जीव तळाशी वाकडा पडलेला, तुरे पांढरेफटक. "लई घाण झालतं, ताजं भरलं. काय बिघडलं?" वर हे! ब्लीचिंग उडून गेलेलं शिळं पाणीच त्याला वाचवणार होतं, आणि यानं घरात तांब्याभरही ठेवलं नव्हतं. बादली घेऊन मी शेजारच्या भाभींकडं धावले. त्या माठ ओतायलाच निघाल्या होत्या. "आज ताजा आया, बासी पानी कायकू?" म्हणत त्यांनी अख्खा माठ माझ्या बादलीत रिकामा केला. त्या गार, शिळ्या पाण्यात तो हळूहळू सावरला, तुऱ्यांवर लाली परतली. भावाशी मी महिनाभर बोलले नाही. अजूनही पाहुण्यांसमोर तो छाती फुगवून सांगतो, "मी टाकी धुतली, म्हणून वाचलं ते."