आधी काय बंद करणार?

"आधी काय बंद करणार ते सांगा, काका." घरात पाऊल टाकलं की तो हेच विचारायचा. पाणी नको, चहा नको. भिंतीवरची बटणं बघत फिरायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, दुसऱ्याच्या घरातले पंखे बंद करणारा.

आमच्या मोहन्यात तो सोलरचे डबे विकायचा. उचलून नेता येणारा बॅटरीचा डबा, आणि तो भरायला गच्चीवर पॅनल. लाइट गेली की घर डब्यावर चालतं. आमचा डबा जुना होता. माजिवड्याच्या कोणा साहेबांची फिरायची गाडी होती, आत पलंग, शेगडी सगळं. तिच्यातला. घरच्या लाइटवर भरायची वायर हरवलेली, म्हणून तो फक्त उन्हावर भरायचा.

तो घेतला बायकोसाठी. तिची फुप्फुसं गेलेली. ऑक्सिजनचं मशीन सारखं चालू लागायचं, आणि आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही.

"यावर टीव्ही लावायचा नाही," त्याने बजावलं.

"मग माझी सिरियल?" बायको म्हणाली.

"काकू, तुम्ही श्वास घ्या. सिरियलमध्ये तसंही कोणी मरत नाही."

ती हसली, मग खोकत बसली. त्यानंतर तो येता-जाता डोकवायचा. डबा किती भरलाय तो वरचा आकडा बघायचा आणि बुडालेली सिरियल तिला सांगायचा. एकटा राहणारा माणूस, तेवढ्यासाठी घरी बसून बघायचा.

एप्रिलमध्ये शेजारणींनी गच्चीवर कुरडया घातल्या. कावळे फार. मी बायकोची जुनी साडी वर अंथरली. पॅनल बाजूलाच होतं, कावळे त्यावरही घाण करायचे. साडी लांब होती, मी त्यावरही ओढली. वाटलं, तेवढंच उन्हाने तडकायचं नाही. मी फार शिकलेलो नाही, पण एवढं कळायला शाळा लागत नाही.

दोन दिवस साडी तशीच. तो ठाण्याला कामाला गेलेला. मधे दोनदा लाइट गेली, डबा चालला. आकडा मी बघितलाच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली आणि दहा मिनिटांत मशीन बंद पडलं. मी त्याला फोन केला, तो नुकताच ठाण्याहून परतलेला. तो स्कूटरवर दुसरा डबा घेऊन आला, जिना धावत चढला. मशीन सुरू झालं. ती नव्हती.

तो गच्चीवर गेला. खाली आला तेव्हा हातात साडी, घडी घातलेली.

"काका, ही आत ठेवा."

तो अजून घरातच होता, तेवढ्यात डोंबिवलीहून माझा मुलगा आला. डबा बंद कसा पडला, विचारायला लागला. मी तोंड उघडायच्या आत तो बोलला, "डबा जुना होता. माझी चूक."

मुलगा त्याला नको नको ते बोलला. तो खाली बघून ऐकत राहिला. मीही ऐकत राहिलो.

मोहनेभर झालं. लोकांनी डबे परत केले. पुढे तो खोली सोडून गेला, फोन लागत नाही. मुलाला मी अजून सांगितलेलं नाही. इथे लिहिलंय, मुलगा वाचेल.

साडी कपाटात आहे. त्याने घाईत घातलेली घडी, वाकडी, पदर आत गेलेला. ती असती तर मोडून नीट घातली असती. मी हात लावत नाही.