भुईखालचं लेकरू

उमापूरहून आमच्या शिवाराकडे येताना पांढरीचं एक टेकाड लागतं. कधीकाळच्या वस्तीची ती माती. लोक शेतात टाकायला नेत आले. गेल्या उन्हाळ्यात तिथं जेसीबी लावला, तेव्हा तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी निघाली. धन असेल म्हणून माणसं तुटून पडली. आत बारीक, बोटभर हाडं होती.

मग विद्यापीठाची माणसं आली. त्यांच्यातली एक बाई पाणी प्यायला माझ्याकडे यायची. टेकाडाला लागून माझंच घर. नवरा गेल्यापासून मी एकटीच असते, त्यामुळे तिची वाट बघायचे.

एकदा ती म्हणाली, "हजारो वर्षांपूर्वीचे शेतकरी हे. लेकरू गेलं की घरातच पुरायचे, जमिनीखाली."

"म्हंजी आईला ठाऊक असायचं, कुठं हाय ते?"

"असणारच की. तिथंच तर तिचा सगळा वावर."

ती सहज बोलली. मी तांब्या ठेवायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाही.

माझी मुलगी जन्मली तशीच गेली. मी बाजेवर पडून होते. सासऱ्यांनी तिला फडक्यात गुंडाळून नेलं. कुठं, ते विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "इसर आता. दुसरं हुईल." झालं नाही.

तेव्हा सासऱ्यांसोबत गेलेले माझे दीर तेवढे आज हयात आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात उभी राहिले.

"भावजी, माजी पोरगी कुठं पुरली?"

"आता कावून, वैनी?"

"सांगा."

काठी घेऊन ते निघाले. माझ्याच रानात, ओढ्याकडच्या बांधाशी थांबले. "हितं बाभळ व्हती, तिच्या बुडाला. बाभळ तुटली, बांध सरकला. आता नेमकं न्हाई सांगता येत."

समोर ऊस उभा होता. इतकी वर्षं त्याच पट्ट्यात मी खुरपत, पाणी धरत फिरले होते.

जाता जाता दीर म्हणाले, "बाबा लई रडत खांदत व्हते. हळूच ठिवली तिला."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

ते गेल्यावर मी उसात शिरले आणि एका सरीत बसले. हाक मारावीशी वाटली. पण तिचं नावच ठेवलेलं नव्हतं.