ओव्हन चावतो

आमच्या घरात शॉक बसतो असं कुणी म्हणायचं नाही. ओव्हन ‘चावतो’ म्हणायचे. कुत्रं चावतं, नवी चप्पल चावते, तसा ओव्हन चावतो. शब्द एकदा मवाळ केला की दुरुस्तीची घाई राहत नाही. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण असले शब्द पकडणं हेच माझं काम होतं.

गाव कासुर्डी. दोन हजार सालाच्या पुढेमागे मी सणसवाडीत खोली घेऊन राहायचे आणि कारखान्यांच्या गेटवर कामगार संघटनेची पत्रकं वाटायचे. लिहायचेही मीच. रविवारी गाड्या बदलत घरी. घरी आई, दादा आणि वहिनी.

वहिनी दौंडची, रेल्वेच्या क्वार्टरात वाढलेली. शेजारच्या अँग्लो-इंडियन आंटीकडून ती लहानपणी दालचिनीचे रोल शिकली होती. लग्नात तिनं हट्टानं एकच वस्तू मागून आणली: ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन, झाकणाला काच असलेला. माहेरी गेली की दौंडच्या बेकरीतून यीस्ट आणायची. कोमट दुधात साखर आणि यीस्ट घालायची, फेस धरला की मैदा मळायची आणि ओल्या फडक्याखाली चुलीच्या उबेला ठेवायची. पीठ दुप्पट झालं की लाटून त्यावर लोणी, साखर, दालचिनी, मग घट्ट वळकटी. ती सुरीनं कापायची नाही. खालून दोरा घालायचा, दोन्ही टोकं वर आणून गाठ मारल्यासारखी ओढायची. चकती सुटते, चेपत नाही. भाजून निघाले की वरून पिठीसाखर आणि दुधाचं पांढरं आयसिंग.

आई त्यांना गुंडाळ्या म्हणायची. “ताडीवानी वास मारतंय तुझं पीठ,” असं म्हणत दोन खायची.

ओव्हन पहिल्या वर्षीच चावायला लागला. दादानं घरात वायरिंग स्वतः केलं होतं. बोर्ड तीन पिनांचा, पण तिसऱ्या भोकामागं अर्थिंगची वायरच नव्हती. त्यासाठी बाहेर खड्डा घ्यायला लागतो. “सुगी झाली की घेतो,” दादा म्हणाला. दोन सुग्या झाल्या. तोवर त्याला एक खेळ सापडला होता. कुणी आलं की टेस्टर झाकणाला टेकवायचा आणि टेस्टरातला लाल दिवा दाखवायचा. “बघा, ह्याला येगळा बल्ब नको.” लोक हसायचे. मीही हसले आहे.

वहिनी आईला म्हणाली होती, “आत्याबाई, मी रबरी चप्पल घालून उभी ऱ्हाते.”

“देवापुढं चप्पल? तुमच्या क्वार्टरात चालत आसंल.”

आमचा देव्हारा स्वयंपाकघरातच होता. मग वहिनीनं जेवायला बसायचा एक लाकडी पाट ओव्हनसमोर टाकला आणि त्यावर उभी राहायला लागली. पाटावर चावत नव्हता. प्रश्न मिटला, असं सगळ्यांनी ठरवलं. पाय पाटावरून घसरून फरशीला लागला की ती “स्स” करायची आणि पुन्हा वर चढायची. तेवढंच.

सणसवाडीत मी हे बघितलं असतं तर काय केलं असतं? गेटवर सभा घेतली असती. ‘तारेनं धरलेला माणूस ओरडत नाही, त्याचा जबडा आवळतो, म्हणून मदत येत नाही,’ हे वाक्य माझ्याच पत्रकात होतं. त्या पत्रकांचा गठ्ठा पिशवीत घेऊन मी घरी यायचे, आणि रोल खाऊन सोमवारी परत जायचे.

मग मला बघायला पाहुणे यायचे ठरले. लग्नाला माझा विरोध नव्हता, बघण्याला होता. तरी साडी नेसून तयार झाले. त्याचं समर्थन मी इथं करणार नाही.

पाच जण येणार होते, सात आले. दुपारचं जेवण होतं. जेवणानंतर काहीतरी नवं म्हणून वहिनीचे रोल ठेवायचे होते. पाच जणांपुरते तयार होते. दोघं वाढल्यामुळं वहिनीनं दुसरा घाणा ओव्हनमध्ये टाकला. फरशी नुकतीच पुसलेली, ओली.

घरात पाट सात. सहा मांडले.

“येक कमी पडतोय,” आई मला म्हणाली. “त्यो उचल की.”

“त्यावर वहिनी उभीय.”

“मग पाव्हणे उभे राहत्याल व्हय?”

वहिनीनं ऐकलं आणि आपणहून खाली उतरली. “घ्या वन्सं. पाचच मिन्टं हायेत आजून.”

मी पाट उचलला. तिचे पाय होते तिथं तो उबदार होता. पदरानं पुसून मी तो सातव्या पाहुण्यापुढं ठेवला. ते मुलाचे कुणी लांबचे मामा होते.

जेवणं होत आली तशी मला समोर बसवलं. रोलची ताटली फिरली.

“सणसवाडीत काय करता?” मामांनी विचारलं.

“हापिसात हाय,” आईनं परस्पर सांगितलं.

“आन् हे गोड पाव? बेकरीतलं दिसत्यात.”

“न्हाई वो. हिनंच केल्यात.”

मामा माझ्याकडं बघून हसले, त्यांच्या ओठाला आयसिंग लागलं होतं. मी खोटं दुरुस्त करायला तोंड उघडलं, आणि आत पत्र्याचा डबा पडला. त्यानंतर काहीच नाही. डबा पडला की बाई काहीतरी बोलते. स्वतःला शिव्या देते, मांजराला देते. आतून आवाज आला नाही.

मी उठून पळाले. वहिनी ओव्हनवर वाकलेली होती. पिठावरचं ओलं फडकं धरून तिनं झाकण उचलायला घेतलं होतं. हात झाकणाला चिकटलेला, दात आवळलेले, डोळे उघडे. ती मला बघत होती. बटण बोर्डावर होतं, तिच्या हातापासून चार पावलांवर. मी ते दाबलं आणि ती खाली कोसळली.

आई दारात आली. तिनं वहिनीकडं पाहिलं, मग मागं वळून सांगितलं, “काय न्हाई, दूध उतू गेलं.”

पाहुण्यांचे हात धुऊन होईपर्यंत वहिनी भिंतीला टेकून बसली होती. हात मांडीवर, दोन बोटं पांढरी पडलेली. दादानं मोटरसायकल काढली ती सगळे गेल्यावर. मी काय केलं? सुपारीचं तबक घेऊन बाहेर गेले. आईनं हातात दिलं आणि मी नेलं.

यवतच्या डॉक्टरांनी हात वाचवला. उजव्या हाताची मधली दोन बोटं मात्र पुन्हा वाकली नाहीत. पीठ मळायचं तर डाव्या हातानं, आणि दोरा ओढायला दुसरं कुणीतरी लागणार. स्थळाकडून होकार आला. मी नकार कळवला, आणि घरात कुणी माझ्याशी बोलेना.

पुढच्या रविवारी मी पत्रक लिहून आणलं. घरातल्या बाईच्या अपघाताला कामगाराचा अपघात का म्हणत नाहीत, असा त्याचा मथळा. त्यात नवरा होता, सासू होती, खड्डा न घेतलेल्या दोन सुग्या होत्या. मी ते वहिनीला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

“पाट कुणी उचलला ते न्हाई आलं त्यात.”

“आईनं सांगितलं म्हणून मी...”

“सांगितलं आत्याबाईंनी. उचलला कुणी?”

मी पत्रकाची घडी घातली.

“मला वाचता येत न्हाई व्हय, तुमच्या पिशवीतलं? दर आयतवारी मी वाचत हुते. वाटायचं, आज तरी काय बोलतील.”

ते पत्रक छापलं गेलं नाही. दादानं मात्र दुसऱ्या दिवशी खड्डा घेतला. त्या सोमवारी मी सणसवाडीला परत गेले नव्हते. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, वायर. सकाळी न्याहारी करून लागला आणि जेवायच्या आत मोकळा झाला. एवढंच काम होतं.

“आता न्हाई चावायचा,” म्हणत तो टेस्टर घेऊन आत आला.

“टेस्टर नगं,” वहिनी म्हणाली. ती बोर्डापाशी उभी होती. “वन्सं, तुम्ही लावा हात.”

आई देव्हाऱ्याकडं बघत होती. वहिनीनं डाव्या हातानं तांब्या उचलला, माझ्याजवळ आली आणि माझ्या पायांपाशी फरशीवर पाणी ओतलं. मग परत बोर्डापाशी गेली.

मी झाकणावर तळवा ठेवला. तिनं बटण दाबलं.

काही झालं नाही. झाकण हळूहळू कोमट व्हायला लागलं, मग गरम. मी तिच्याकडं पाहिलं.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “आजून थोडा वेळ.”