पौर्णिमेला बंद पडणारं मीटर

आमच्या दूध सोसायटीचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. सकाळी मी दूध मापायचो, कॅन गाडीत चढायचे, अन् गाडी परत येईपर्यंत सगळे ओट्यावर बसून राहायचे. रिकामी माणसं एका जागी बसली की किस्से साचणारच. त्यात आमच्याकडं तो पिकअप होता, मग काय विचारता!

मोठा दुष्काळ सरल्यानंतरची ही गोष्ट. पोखर्णीच्या पलीकडं आमचं गाव, अन् दूध जायचं परभणीला. पिकअप लष्करानं काढून टाकलेला, सोसायटीनं लिलावात घेतलेला. इंजिन दणकट होतं. पण स्पीडचं मीटर त्याच्या मनात आलं तर चालायचं, नाहीतर नाही.

अध्यक्ष बापूराव पाटलांनी सभेत सांगून टाकलं, "यंदा आरटीओच्या पासिंगला मीटर बंद सापडलं तर गाडी भंगारात. ठेकेदाराचा टेम्पो लावू." टेम्पोबरोबर ठेकेदाराचाच ड्रायव्हर येणार होता. म्हणजे आमचा दादाराव घरी. त्याला ना शेत ना बैल. नोकरी गेली की कोयता घेऊन ऊसतोडीला जाणं आलं, अन् दोन्ही पोरींची शाळा सुटणं आलं. दादाराव दुसऱ्या दिवसापासून मीटरच्या मागंच लागला.

*

मीटरची खोड अशी, की सकाळी परभणीला जाताना काटा चालायचा अन् दुपारी येताना झोपायचा. परभणीत रहीमचाचा मिस्त्री होते. दादाराव दूध उतरवलं की लगेच त्यांच्याकडं जायचा. चाचांनी केबल ओढून बघितली, तेल सोडलं, गाडी स्टेशनपर्यंत फिरवून आणली. काटा मस्त चालू.

"मर्ज कहाँ है मियाँ?" चाचा म्हणाले. "मरीज तो दौड रहा है."

दुपारी गावाकडं वळलं की काटा शून्यावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचा, पुन्हा काटा चालू. शेवटी चाचांना वाटायला लागलं, हा माणूस नुसता चहा प्यायला येतोय.

"काय करू सांगा," दादाराव मला म्हणाला. "पोरगं दवाखान्यात नेलं की खेळायलंय, घरी आणलं की ताप."

*

मग बापूरावांनी डोकं लावलं. "जाताना कॅन भरलेले, येताना रिकामे. वजन नसलं की मीटरला पकड घावत न्हाई."

बोलणं पटण्यासारखं होतं. म्हणून एक दिवस परभणीहून येताना सगळे कॅन नळाच्या पाण्यानं भरून आणले. काटा तसूभर हलला नाही. गावात आल्यावर ओट्यावर कॅन उतरवायला लागलो, तर गयाबाई म्हातारी झाकण उघडून बघायला आली. ती आमच्या सोसायटीची सगळ्यात जुनी दूधवाली, तोंडानं फटकळ.

"आगं बाई," ती म्हणाली, "पाणी तर आपणच रोज परभणीला पाठवतो. आज त्यांनी परत केलं व्हय?"

बापूराव जे आत गेले ते संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत.

*

पुढं एक नवीच खोड ध्यानात आली. एखाद्या दिवशी काटा सकाळपासूनच बंद असायचा. कोणत्या दिवशी, ते गयाबाईनंच शोधून काढलं. पौर्णिमेला! आम्ही मागचं आठवून बघितलं, तर म्हातारी खरं बोलत होती.

झालं, गावाला कारण सापडलं. कुणी म्हणे नारळ फोडा, कुणी म्हणे लिंबू-मिरची बांधा. दादारावचं घर बौद्ध. बापानं दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरात अंगारा शिरला नव्हता. तो लय चिडला.

"मीटर केबलवर चालतंय, चंद्रावर न्हाई. ज्याला लिंबू बांधायचंय त्यानं गाडी चालवावी."

पुढच्या पौर्णिमेला काटा पुन्हा बंद. अन् त्याच आठवड्यात पासिंगच्या कॅम्पची तारीख कळली. नेमकी पुढची पौर्णिमा. खरं सांगतो, माझा त्याच्यासाठी जीव तुटला.

*

शेवटी रहीमचाचा सकाळच्या एस.टी.नं आमच्या गावी आले अन् दादारावच्या शेजारी बसले. जाताना काटा चालू. परभणीत दोघं एका फडक्यावर जेवले. येताना काटा बंद.

"जाते वखत गाडी में क्या था जो अब नै है?" चाचांनी विचारलं.

"दूध."

"दूध का हो गया. और?"

दादारावनं बराच विचार केला. "भाकरी."

त्यातली अर्धी चाचांच्याच पोटात होती.

दादारावची भाकरी फडक्यात बांधून मीटरच्या खालच्या खिळ्याला टांगलेली असायची. चाचा वाकून बघतात तर मीटरमागं केबल ढिली, अन् भरलेलं फडकं तिला जागेवर दाबून धरायचं. चाचांनी खिळ्याला पाना टांगला, तर काटा नाचायला लागला. चिंध्यांचा बोळा कोंबला, तो पहिल्याच खड्ड्यात खाली पडला. नवी केबल हैदराबादहून यायची, ती पासिंगच्या आधी येणं अवघड.

"तब तक रोटीच पुर्जा है," चाचांनी निकाल दिला.

पौर्णिमेचंही कोडं सुटलं. दादाराव पौर्णिमेला उपोसथ पाळायचा. घरून जेवून निघायचा अन् बारानंतर अन्नाला शिवायचा नाही. त्या दिवशी भाकरी गाडीत यायचीच नाही. हे ध्यानात आल्यावर दादाराव इतका हसला, की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली.

*

पासिंगच्या दिवशी त्याची बायको सुंदराबाई म्हणाली, "मानसाला उपास आन गाडीला जेवण," अन् तिनं भाकरी बांधून दिली. दादाराव उपोसथाचे पांढरे कपडे घालून बसला. मी अन् बापूराव मागं हौद्यात उभे. मागच्या खिडकीला काच नव्हती, त्यामुळं आतलं सगळं दिसत होतं.

आमचा नंबर लागेपर्यंत दुपार टळली. इन्स्पेक्टर साहेब आत बसले, गाडी मैदानात फिरायला लागली. काटा अगदी शहाण्यासारखा चालू. तेवढ्यात साहेबांची नजर फडक्यावर गेली.

"अहो, अजून जेवला नाहीत? आधी दोन घास खाऊन घ्या, मग बघू गाडी."

बापूरावांनी माझा दंड धरला.

"आज पौर्णिमा हाय साहेब," दादाराव म्हणाला. "आमी बारानंतर खात न्हाई."

"मग भाकरी कशाला आणली?"

"पोरींसाठी म्हण," बापूराव खिडकीतून पुटपुटले. पण उपोसथाच्या दिवशी खोटं बोलायचं नाही, हा दादारावचा नेम. चालत्या गाडीत डाव्या हातानं त्यानं फडकं काढलं. काटा शून्यावर आला. फडकं परत टांगलं. काटा वर गेला.

मला दादारावच्या पोरी उसाच्या फडात दिसायला लागल्या.

साहेबांनी स्वतः फडकं काढून बघितलं. परत टांगलं. मैदानाला अजून एक चक्कर मारायला लावली. मग गाडी थांबवून खाली उतरले.

"कशाची आहे?"

"ज्वारीची, साहेब."

साहेब कारकुनाकडं वळले.

"लिहा," ते म्हणाले. "मीटर चालू."