पहिल्या आधणाचा खडा

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघा नवरा-बायकोनी गुऱ्हाळाच्या ओट्यावर बसून नव्या गुळव्याच्या हातचा गूळ खाल्ला, भाकरीबरोबर. त्याचं आमच्याकडचं पहिलं आधण. एक काहील रस आटवून गूळ केला की झालं एक आधण. हिनं एक खडा स्वतःच्या तोंडात टाकला, एक मला दिला आणि तिसरा स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

मी म्हणालो, "मऊ हाय. काहील लवकर उतरवली त्यानं. सकाळी वाटंला लावतो."

"वाटंला लावतो म्हणं! अवो, पुनव तर होऊ द्या."

ही तिची रीत. नवा गुळव्या आला की पहिल्या आधणाचा खडा डब्यात ठेवायचा आणि पुनवेला उघडायचा. कडक राहिला तर माणूस ठेवायचा, पाणी सुटलं तर काढायचा. ती म्हणायची, ताजा गूळ सगळ्यांचाच बरा दिसतो, चार दिवस गेल्यावर खरं कळतं. माझी रीत वेगळी. उकळता पाक गार पाण्यात टाकून मी गोळी वळते का बघायचो. गोळी चुकली की माणूस गेला. कंपन्या म्हणे महिना, तीन महिने बघतात. मी दुपारपर्यंत बघायचो. यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. लोकांचा ऊस असतो. आधण बिघडलं तर शेतकरी गुळव्याला नाही, मला धरतो.

हा गुळव्या नदीपलीकडचा, वडगाव रासाईचा. हिच्या माहेरचा. चाळिशीचा बाप्या, घरी दोन पोरी. कोरेगावकडं एका कंपनीत लागला होता, तिथून महिन्यात काढला. बाप गुळव्या होता म्हणून तोही ह्या कामाला आला. इथूनही काढला तर कुठलं तोंड घेऊन घरी जाईल, हे हिच्या डोक्यात.

"माहेरचा म्हणून कड घेती व्हय?"

"घेती. मग? आन् मला आणली तवा माझी भाकरी कशी हुती? सासूबाईंनी तव्यावरनंच मला माघारी धाडली असती. तुम्हीच म्हणला, राहू दे, शिकंल."

"मला भूक लागली हुती, म्हणून म्हणलो."

ती पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "पुनवेपर्यंत."

मी म्हणालो, "बरं."

पहाटे उठवायला गेलो तर उठली नाही. अंग गार. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेल्या. सगळा जन्म माझ्या आधी उठणारी बाई. भीमेच्या काठी नेली. लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. मला राग आला. पण रडू काही येईना. रात्री शेजारणीनं पिठलं-भाकरी आणली. भाकरी जाड होती. 'जाड हाय' म्हणायला मी बाजूला वळलो, तर तिथं पाहुणे बसलेले. तेव्हा फुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुऱ्हाळावर गेलो. गुळव्या खांद्याला पिशवी लावून उभा होता.

"आप्पा, निघतो मी. काकी हुत्या म्हणून थांबलो हुतो."

मी फळीवरचा डबा काढून उघडला. खडा पाघळला होता, बुडाला पाणी साचलं होतं. पुनवेची वाट बघायचीही गरज नव्हती. मी खरा ठरलो होतो. सगळ्या संसारात हिच्यापुढं मी असा कितीदा खरा ठरलो? आणि आज ठरलो तर दाखवायला ती नाही.

गुळव्यानंही डब्यात बघितलं. मान खाली घातली.

मी विचारलं, "पुनव झाली का?"

"न्हाई, आप्पा. अजून हाय की."

"मग पिशवी ठेव."

झाकण लावलं आणि डबा तिनं ठेवला होता तिथंच ठेवला. सुतक फिटेपर्यंत काहिलीखालचं चुलवाण पेटणार नव्हतं, पण आत परवाची राख तशीच होती. मी तोंडाशी बसून ती ओढायला लागलो.

"आप्पा, मी काढतो. तुम्ही बसा."

मी ऐकलं नाही. तो दुसरं खोरं घेऊन शेजारी बसला. दोघांनी मिळून राख काढली.