तोंड सांभाळा, मुलगी येतेय

माझ्या बायकोचं म्हणणं असं की मी घरी येतो तो माणूस वेगळा आणि कंपनीत जातो तो वेगळा, आणि तिचं लग्न नेमकं कोणाशी झालंय ते तिला अजून कळलेलं नाही. यात तथ्य आहे. चाकणजवळच्या एका प्रेस शॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. आम्ही पत्र्यापासून गाड्यांचे ब्रॅकेट बनवतो. तिथे दिवसभर असा दणदणाट असतो की ‘कृपया’सारखा शब्द पलीकडच्या मशीनपर्यंत पोहोचतच नाही, शिवी मात्र बरोबर पोहोचते. पण संध्याकाळी पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीच्या गेटमधून गाडी आत घेतली की माझी भाषा एकदम सोवळ्यात जाते. पायाच्या करंगळीला सोफा लागला तरी मी ‘अरे देवा’ म्हणतो.

हे सगळं मुलीसाठी. ती तेव्हा दुसरीत होती. मी स्वतः परभणीकडच्या एका खेड्यात वाढलो. तिथे बाप्ये अंगणात आंघोळ करायचे, पारावर बसून शिव्या द्यायचे, आणि पोरांपासून काही लपवावं असं कोणाच्या डोक्यातही यायचं नाही. बाराखडी यायच्या आधी मला शिव्या यायला लागल्या. माझ्या मुलीच्या कानावर, नजरेस यातलं काही पडू द्यायचं नाही, असा मी पणच केला होता. टीव्हीवर नायक नायिकेच्या जवळ सरकायला लागला की मी बातम्या लावायचो, त्यामुळे आमच्या मुलीला वयाच्या मानाने राजकारण जरा जास्तच कळायचं. बाथरूममधून टॉवेलवर बाहेर यायचं नाही, हा नियम मी मलाच लावून घेतला होता, आणि ओल्या अंगावर बनियन चढवताना रोज त्यात अडकून पडायचो.

“अहो, किती दिवस झाकून ठेवणार आहात तिला?” बायको विचारायची.

“जमेल तितके,” मी म्हणायचो.

आमच्या कंपनीत खंडेनवमीला मशीनची पूजा होते आणि त्या दिवशी घरच्यांना आणायची मुभा असते. त्या वर्षी मुलीने हट्टच धरला की पप्पांचं मशीन बघायचं. मी हो म्हणालो खरा, पण लगेच डोळ्यांसमोर मामा उभे राहिले.

मामा म्हणजे आमचे डाय फिटर. कंपनीशेजारच्या कुरुळीचे, मूळ गावातले. प्रेसमध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी पाहिलेला नाही. मी ट्रेनी म्हणून आलो तेव्हा पत्रा कसा धरायचा, नुसत्या आवाजावरून डाय कुठे घासतेय ते कसं ओळखायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं, आणि प्रत्येक धड्याच्या आधी माझ्या खानदानाचा उद्धार केला. बारा वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारलेली आठवत नाही. एकदा तापाने फणफणलो होतो तेव्हा मामा माझ्या खोलीवर डबा घेऊन आले. दारातून आधी शिवी आत आली, मग डबा. परक्या गावात त्या शिवीने मला जितका धीर दिला तितका गोळ्यांनी दिला नसेल.

पूजा झाली की मोठ्या प्रेसवर कोऱ्या पत्र्याचा एक पीस काढायचा, त्याला कुंकू लावून वर्षभर ऑफिसात ठेवायचा, अशी आमच्याकडची रीत. ते बटण मामाच दाबतात. मालकसुद्धा त्याला हात लावत नाहीत.

आदल्या दिवशी मी सगळ्यांना सांगत फिरलो, “भावांनो, उद्या माझी मुलगी येतेय, जरा तोंड सांभाळा.” पोरं हसली, पण कबूल झाली. मामांपाशी आलो आणि माझी गाडी अडली. त्यांना हे जमणार नाही याची मला खात्री होती.

“मामा,” मी म्हणालो, “उद्या घरची मंडळी असतील, लहान मुलं असतील. तुम्ही नाही आलात तरी चालेल. बटण दुसरा कोणीतरी दाबेल.”

मामांनी चिंध्यांनी हात पुसले, अगदी सावकाश. मग म्हणाले, “बरं, साहेब.”

साहेब. बारा वर्षांत पहिल्यांदाच. पण मी कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन गेलो. बायकोच्या ऑफिसला सुट्टी नव्हती. झेंडूच्या माळा, अगरबत्त्या, पेढे, सगळं थाटात होतं. आणि आमची पोरं आकाशवाणीवर लागल्यासारखी बोलत होती. “आपण कृपया थोडे बाजूला सरकता का?” असं एक वेल्डर दुसऱ्या वेल्डरला म्हणाला, तेव्हा दोघांनाही घाम फुटला होता. पूजा झाली, नारळ फुटला, आणि सगळे मोठ्या प्रेसपाशी येऊन थांबले. मामा नव्हते.

फोन लागेना. मालकांनी दोघातिघांना बटण दाबायला सांगितलं, पण एकही जण पुढे होईना. मामा असताना आपण कसं दाबायचं, असा प्रत्येकाचा चेहरा. “तुम्हीच घेऊन या राव,” मला कोणीतरी म्हणालं. ते का आले नाहीत, हे त्या गर्दीत फक्त मला माहीत होतं. मी मान डोलावली आणि गाडीला किक मारली. मुलगी आधीच मागे बसलेली होती.

मामांच्या अंगणात शिरलो. मामा नळाखाली बसलेले, अंगावर फक्त लंगोट, डोक्यापासून पायापर्यंत साबणाचा फेस, डोळे गच्च मिटलेले. आणि नळाचं पाणी गेलेलं. मामांच्या तोंडाचा पट्टा सुटला होता. नळ झाला, मोटर झाली, मोटर बनवणारा, ती विकणारा, त्या सगळ्यांच्या आया झाल्या.

मी चटकन मुलीचे डोळे झाकले. मग लक्षात आलं की कान उघडेच आहेत, म्हणून कान झाकले. मग पुन्हा डोळे. दोन हातांत हे काम होत नाही. मुलीने शेवटी माझे हात बाजूला केले.

“पप्पा, हे सगळे शब्द आमच्या शाळेच्या व्हॅनमध्ये पण म्हणतात,” ती म्हणाली. “आजोबांना पाणी हवंय.”

तिने पिंपात तांब्या बुडवला आणि मामांच्या डोक्यावर ओतला. मग आणखी एक, मग आणखी एक. मामांनी डोळे उघडले, आधी तिला पाहिलं, मग मला. शिव्या जागच्या जागी थांबल्या. त्यांनी पंचा गुंडाळला.

“या साहेब. बसा.”

“मामा, सगळे खोळंबलेत. चला.”

“दुसरा कुनी दाबंल की बटन. माजं काय न्हाई त्यात.”

मुलगी आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. “आजोबा, तुम्ही पप्पांवर रुसलात का?”

“तुज्या बापाला इचार, बाय.”

तिने माझ्याकडे पाहिलं. ‘नंतर सांगतो’ म्हणता आलं असतं, पण इथे बातम्या लावायला रिमोट नव्हता.

“मी काल यांना म्हणालो,” मी सांगितलं, “तुम्ही नाही आलात तरी चालेल.”

वाक्य किती स्वच्छ होतं. शाळेच्या डायरीत लिहावं इतकं. पण सात वर्षांच्या मुलीसमोर ते उच्चारताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“असं का म्हणालात?”

“ते शिव्या देतात म्हणून.”

“मग तुम्हाला दिली त्यांनी?”

“नाही. साहेब म्हणाले.”

तिने थोडा विचार केला आणि मामांकडे वळली. “आजोबा, मग आता द्या.”

मामा माझ्याकडे बघत राहिले. मिशीतून पाणी ठिबकत होतं. मी मान खाली घालून उभा होतो, आणि खरं सांगतो, मनातल्या मनात ‘द्या, द्या’ म्हणत होतो.

मामांनी दिली. चांगली ठसठशीत, माझ्या तीन पिढ्यांना पुरेल अशी. मुलगी खळखळून हसली.

“आन् आता हुबा काय ऱ्हायलास?” मामा म्हणाले. “दोरीवरचा शर्ट दे माजा.”

मी दोरीकडे वळलो आणि शर्ट काढायला नको इतका वेळ लावला. डोळे भरून आले होते, आणि तेवढं मात्र मला मुलीला दिसू द्यायचं नव्हतं.