बिसेर्का भत्ता घेऊन गावी आली

शेजारच्या काताची मुलगी बिसेर्का आयर्लंडला गेली, तेव्हा क्रोएशियातल्या आमच्या स्लावोनिया भागातली निम्मी घरं कुलपं लावून तिकडेच निघाली होती. सॅमन माशाच्या कारखान्यात तिने बरीच वर्षं काढली. मग एका उन्हाळ्यात कारखानाच बंद पडला.

तिला तिथला बेकारभत्ता सुरू झाला. इकडे काताच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. बिसेर्काला यायचं होतं, पण देश सोडला की भत्ता थांबेल अशी धास्ती. काता फोनवर म्हणायची, नको येऊस, माझं मी बघेन. आणि फोन ठेवून माझ्याकडे रडायला यायची.

वाट दाखवली ती हालिनाने. ही पोलंडची बाई, कारखान्यात बिसेर्काच्याच शेजारी उभी राहून मासे कापायची.

"भत्ता काय दान आहे का? पगारातून पैसे कापून घेतलेत तुझे," ती म्हणाली. "गावी काम शोधणार असशील तर तीन महिने तिकडेही मिळतो. फक्त आधी कार्यालयात सांग. न सांगता गेलीस, तर बुडाला म्हणून समज."

बिसेर्काने आधी महिनाभर तिथेच काम शोधून पाहिलं, तसा नियमच होता. मग परवानगी घेऊन निघाली. आली त्याच्या दुसऱ्या सकाळी बॅगही न उघडता तालुक्याला रोजगार कार्यालयात नाव नोंदवायला गेली; तेही आठवड्याच्या आत करावं लागतं.

काता फुगून बसली. "आईला भेटायला आलीस की कारकुनाला?"

"कारकून आठवडाभरच थांबतो, आई. तू थांबशील."

ऑपरेशन नीट झालं. बिसेर्का आईचं सगळं करून काम शोधत हिंडायची. बेकरीवाल्याने नाही म्हटलं, हॉटेलात जर्मन येणारी हवी होती. शरदात मत्स्यतळी उपसायला लागले, तेव्हा त्यातले कार्प मासे निवडायला माणसं हवी होती. तिथला मुकादम त्वर्त्को म्हणाला, इथे पगार आयर्लंडच्या निम्मा.

"तिथे निम्मा घरभाड्यातच जायचा," ती म्हणाली.

ती कामाला लागली आणि त्याच दिवशी कळवून भत्ता बंद करवला. आता शनिवारी त्यांच्या अंगणात फांदीला लावलेला कार्प विस्तवाशी भाजत असतो. काता काठी न घेता मला बोलवायला येते.

परवा बिसेर्का सांगत होती, तिथली वर्षं आणि इथली वर्षं पेन्शनला एकत्र धरतात.

काता म्हणाली, "तुझी पेन्शन बघायला मी असणार आहे थोडीच."

"राहा की," बिसेर्का म्हणाली, आणि माशाचा पोटाकडचा तुकडा तिच्या ताटात वाढला.